नारूमलदादांच्या तीन प्रती

घाबरट माणसावर कुणी चार ओळी चांगल्या लिहिल्यात, असं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. शूर माणसांना हार घालायला सगळे असतात. मी सांगणार आहे ते नारूमलदादांबद्दल, आणि त्यांच्याइतका घाबरट माणूस मी उल्हासनगर-अंबरनाथात दुसरा पाहिला नाही. खुर्चीवर बसायच्या आधी ते खुर्ची हाताने दाबून बघत. रिक्षात बसले की उतरेपर्यंत एक हात दांडीवर आणि दुसरा छातीवर. खिशात दोन रुमाल. एक तोंड पुसायला, दुसरा फक्त यंत्राला हात लावायच्या आधी बोटं पुसायला. दुकानाच्या किल्ल्या तीन. एक स्वतःकडे, एक समोरच्या पापडवालीकडे, एक देवळातल्या पुजाऱ्याकडे. मी एकदा गमतीत विचारलं, "दादा, तिघांचीही एकाच दिवशी हरवली तर?" माणूस खरंच पांढरा पडला. चार दिवसांनी गेले तर चौथी करून आणलेली.

दुकान उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जिन्याखालचं, एवढंसं. ऐंशीच्या सुमाराला ते टाइपरायटर दुरुस्त करायचे. मी तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला एका क्लासात मराठी टायपिंग शिकवायचे. शिकवायचे म्हणजे कसं, शाळा माझी सातवीत सुटलेली. त्या क्लासात केर काढायला लागले, केर काढता काढता टायपिंग शिकले, आणि पुढे तिथेच शिकवायला उभी राहिले. यंत्र बिघडलं की गोणपाटात गुंडाळायचं, रिक्षात घालायचं आणि नारूमलदादांकडे न्यायचं.

"अचो बाई, विहो," म्हणायचे. या, बसा. मग यंत्राकडे ढुंकूनही न बघता माझ्याकडे बघून पहिला प्रश्न: "इसमें ऐसा क्या है, जे गेलं तर तुम्ही रडाल?"

पहिल्यांदा मला हसूच आलं. म्हटलं, "टाइपरायटरात काय असणार, दादा? 'र' अडकतोय."

"मग ठीक. मग मी थोडा कमी घाबरतो."

तेव्हा वाटलं, सिंधी माणूस आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलायची रीत असेल. पुढे कॉम्प्युटर आले. नारूमलदादांनी कुठून तरी जुना एक घेतला, पुस्तकं आणून रात्रंदिवस वाचली, आणि लोक फ्लॉप्या घेऊन त्यांच्याकडे यायला लागले. कुणाची खराब झालेली, कुणाची चुकून पुसलेली. मग त्या प्रश्नाचा अर्थ कळायला लागला. टाइपरायटर बिघडला तर यंत्र बिघडतं. फ्लॉपीत माणसाचं काहीतरी आत राहिलेलं असतं.

त्यांच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, मूळ वस्तूला हात लावायच्या आधी तशाच दुसऱ्या, टाकाऊ वस्तूवर करून बघायचं. "आधी मेलेल्यावर, मग जिवंतावर," असं ते म्हणत. त्यासाठी दुकानात मेलेल्या फ्लॉप्यांचा एक बिस्किटाचा डबाच होता. दुसरा, काही मिळालं की तिथल्या तिथे तीन प्रती. दोन म्हणजे त्यांना एकच वाटायची.

आणि तिसरा एक होता, तो मला एका दुपारी कळला. मी टाइपरायटरची रिबन घ्यायला बसले होते. सफारीतला एक माणूस आला, अंबरनाथच्या कुठल्याशा केमिकल कंपनीतला ऑफिसर असावा. फ्लॉपी काउंटरवर टाकली आणि म्हणाला, "आत एक फाइल आहे, पासवर्ड लावलाय. उघडून द्या. कितीही घ्या."

नारूमलदादांनी बोटं पुसली, पण फ्लॉपीला हात लावला नाही. "पासवर्ड किसका है, साहब?"

"माझाच."

"मग विसरलात कसे?"

"विसरतो माणूस."

"कुठल्या भाषेत होता? लहान होता, मोठा? कधी ठेवला?" माणूस चिडला. दादा हळूच म्हणाले, "कुलूप ज्याचं, त्याला काहीतरी आठवतं, साहब. तुम्हाला काहीच आठवत नाही."

तो माणूस काउंटरवर वाकला. म्हणाला, "या गल्लीत दुकान चालवायचंय ना, बाबा?" मी रिबन हातात घेऊन भिंतीला चिकटले होते. दादांनी एक हात छातीवर धरला होता, रिक्षात धरत तसा. पण त्यांनी फ्लॉपी दोन बोटांनी उचलली, त्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि वरून खिसा थोपटला. तो गेल्यावर त्यांनी दाराची कडी दोनदा लावून बघितली. मी म्हटलं, "दादा, एवढं घाबरता, तर द्यायचं होतं उघडून." ते म्हणाले, "बाई, घाबरलो म्हणून तर नाही दिलं. आत कुणाचं काय असेल, कोण जाणे."

आता मुख्य गोष्ट.

नव्वदनंतर क्लास बंद पडला आणि मी तीन नंबरमधल्याच एका छोट्या संस्थेत कामाला लागले. सिंधी समाजात एक आजार आहे, पोरांच्या अंगात रक्त टिकत नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं. थॅलेसेमिया म्हणतात. आमची संस्था त्या पोरांसाठी रक्तदाते जमवायची. मी दात्यांची यादी ठेवायचे. आधी कार्डांवर, मग एका कापडवाल्या शेठने कॉम्प्युटर दिला, त्यावर मराठीचं सॉफ्टवेअर घातलं आणि मी सगळी यादी त्यात टाइप केली. यादीला पासवर्ड लावलेला. कारण एक तर रक्त विकणारे दलाल दात्यांची नावं चोरायला टपलेले असत, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच जणी घरी न सांगता रक्त द्यायला यायच्या. सासूला कळलं तर पुन्हा उंबरा ओलांडता आला नसता. पासवर्ड माझा, आणि फक्त मला माहीत.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी साफसफाई काढली. कार्डांच्या खोक्यांना वाळवी लागलेली. म्हटलं, आता कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे. खोकी रद्दीत दिली. माझ्या हाताने.

दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. कोयता असो की शिलाई मशीन. मी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. यादीची दुसरी प्रत एका फ्लॉपीवर होती. ती पाकिटातून काढून समोर ठेवली आणि तिच्यावरही चिमूटभर कुंकू, चिमूटभर हळद, अक्षता. मनात म्हटलं, पोरांचा जीव तुझ्यात आहे, सांभाळ.

दुसऱ्या दिवशी मशीन लावलं तर जळका वास आला आणि पडदा काळा. फ्लॉपी घेऊन शेजारच्या कॉम्प्युटर क्लासात गेले. तिथल्या मशीनमध्ये घातली तर आतून खर्र असा आवाज आला, खडूने फळा ओरबाडावा तसा. मी झटकन बाहेर काढली. त्या जुन्या फ्लॉप्यांना एक उघडी फट असायची, आतली काळी चकती दिसायची. त्या फटीत कुंकू गेलं होतं.

तो गुरुवार होता. आणि कोमलची रक्त चढवायची तारीख गुरुवारचीच होती.

कोमल नऊ वर्षांची. तिचं वेगळं होतं. इतकी वर्षं इतक्या जणांचं रक्त चढवून तिच्या अंगाने बहुतेकांचं रक्त नाकारायला सुरुवात केली होती. ताप, थंडी, लघवी लाल. डॉक्टरांनी तपासून तपासून सात माणसं शोधली होती, ज्यांचं तिला सोसतं. रक्तपेढीच्या वहीत पिशव्यांचे नंबर होते, पण कुठला नंबर म्हणजे कुठला माणूस, ते माझ्या यादीत. डॉक्टर म्हणाले, "शनिवार सकाळपर्यंत थांबू. पुढे मी काही सांगू शकत नाही." तिची आई दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. तिने मला विचारलं, "ताई, नाम हैं ना आपके पास?" मी हो म्हटलं. माझ्या तोंडातून हो निघालं, काय करू.

नारूमलदादांच्या दुकानात पोचले तेव्हा अकरा वाजले असतील. माझा चेहरा बघून ते उभेच राहिले. "छा थियो, बाई? काय झालं?"

सांगितलं. फ्लॉपी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, फटीतली लाली बघितली, आणि खाली ठेवून मागे सरकले. "उद्या शुक्रवार," म्हणाले. आमच्याकडे शुक्रवारी दिवसभर लाइट नसायची. म्हणजे जे काय करायचं ते आज.

"बाई, हेच कुंकू आणखी आहे?"

माझ्या पर्समध्ये पुडी होती. त्यांनी डब्यातून एक मेलेली फ्लॉपी काढली, तिच्यावर तसंच कुंकू टाकलं, तशीच हळद. ब्लेडने तिचं कवच कापलं, चकती काढली, कापसावर स्पिरिट घेऊन पुसली. कुंकवाचा रंग फुटला आणि चकतीभर पसरला, वर काळा थर, ज्यात अक्षरं असतात तोच, कापसाला आला. दादा त्या कापसाकडे बघत राहिले. मला वाटलं, हे जर आपल्या फ्लॉपीवर केलं असतं तर. त्यांच्याही मनात तेच असावं, कारण ते खुर्ची न दाबताच बसले.

दुसरी मेलेली काढली. आता बॅटरीत घालतात ते पाणी, बशीत ओतून, चकती त्यात नुसती फिरवली. कुंकू तळाशी बसलं. काळा थर तसाच. तिसऱ्या मेलेलीवर पुन्हा एकदा. मग बोटं पुसली आणि ब्लेड माझ्या फ्लॉपीला लावलं. "मी घाबरलोय. तुम्ही पण घाबरलाय?"

"हो."

"बरं. मग कापतो."

धुतलेली चकती स्वच्छ कागदावर सुकत ठेवली. पंखा लावायचा नाही, धूळ उडेल. ऑक्टोबरची उन्हं, आम्ही दोघं घामाने निथळतोय आणि एक काळी चकती बघत बसलोय. मी म्हटलं, "दादा, एवढी भीती तुमच्यात आली कुठून?" दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नसतं.

त्यांचे वडील सिंधमध्ये मास्तर होते. फाळणीत निघताना त्यांनी शाळेतून एकच वस्तू उचलली, पोरांच्या नावांचं रजिस्टर. म्हणाले, कोण कुठे जाईल, भेटले तर ओळख तरी पटेल. बोटीवर कुणीतरी बघायला मागितलं, त्याच्या पोराचं नाव आहे का म्हणून, आणि ते परत आलंच नाही. इथे बराकीत आल्यावर वडील रोज संध्याकाळी नावं म्हणायचे, पाढे म्हणतात तशी. पहिल्या वर्षी चाळीस होती. "दर साली दोन-तीन कमी व्हायची, बाई. मी दहा वर्षांचा होतो. मला लिहिता येत होतं. मी बाजूला बसून ऐकायचो. लिहून नाही घेतलं." एवढं बोलून त्यांनी चकतीला बोटाची पाठ लावून पाहिली. सुकली होती.

तीन वाजता ती चकती दुसऱ्या कवचात घालून मशीनमध्ये सरकवली. दादांनी डोळे मिटले होते. खर्र झालं नाही. दिवा लागला, मशीन गुणगुणत राहिलं. त्यांनी आधी काही न उघडता तीन प्रती काढल्या. मग म्हणाले, "आता पासवर्ड."

"तुळस."

त्यांनी इंग्रजी अक्षरांत तुळस टाइप केलं. मशीन नाही म्हणालं. छोट्या अक्षरांत, मोठ्या अक्षरांत. नाही. त्यांनी मला बसवलं. मी एकेक इंग्रजी अक्षर शोधून दाबलं. नाही. "दादा, तुळसच आहे. रोज सकाळी घालते मी."

त्यांनी फाइल तशीच उघडून दाखवली. पडद्यावर नुसता कचरा. चौकटी, हसरे चेहरे, उलटी प्रश्नचिन्हं. "दाराला कुलूप असतं तर दार तोडलं असतं," म्हणाले. "इथे अक्षरंच ढवळून टाकलीत. ज्याने ढवळली तोच सरळ करणार." चार वाजले होते. तिकडे कोमलची आई बाकावर बसलेली, मी हो म्हटलेलं.

मी डोकं धरून बसले आणि तोंडाने तुळस, तुळस म्हणत काउंटरवर बोटं आपटत होते. माझी सवय आहे ती, शिकवून शिकवून लागलेली, बोलेन ते बोटं टाइप करतात. दादा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. बोटांकडे बघत होते.

"बाई, परत म्हणा."

"तुळस."

"बोटं वेगळी चालली. कॉम्प्युटरवर दाबलंत ते वेगळं." ते उठले, फळीवरून जुना मराठी टाइपरायटर ओढला, माझ्यासमोर ठेवला. "बाहेर बघा. पापडवालीकडे बघा. सकाळी कामावर बसलाय असं समजा आणि लिहा."

मी पापडवालीकडे बघितलं. बोटांनी लिहिलं. दादा कळा मोजत होते.

गोष्ट अगदी साधी होती. मराठी टाइपरायटर आणि इंग्रजी टाइपरायटर, सांगाडा एकच, फक्त कळांच्या टोकाची अक्षरं वेगळी. माझ्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच, पडद्यावर मराठी उमटायचं, आत कळा इंग्रजीच जायच्या. पासवर्ड लिहिताना पडद्यावर नुसते ठिपके दिसत. मी रोज मराठीच्या बोटांनी तुळस लिहायचे, आणि मशीनला दुसरंच काहीतरी अगम्य कळायचं. मला स्वतःला माहीत नव्हतं. टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या माणसाशिवाय ते कुणाला दिसणार होतं?

दादांनी कॉम्प्युटरवर त्या जागच्या कळा एकेक करून दाबल्या. चौकटी गेल्या. माझं मराठीचं सॉफ्टवेअर दादांच्या मशीनवर नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या ओळी आल्या, पण अर्थ काहीच नाही. माझा धीर सुटला. "हेही गेलं, दादा."

"नाही. ह्या ओळी आहेत. तुमच्या बोटांच्या." ते पडद्याला नाक लावून बसले. "यंत्रात कागद घाला. दोन कार्बन घालून. मी अक्षर सांगतो, तुम्ही त्या जागची कळ मारा."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. एस. जे. शिफ्ट के. मी मारत गेले. पहिला शब्द पूर्ण झाला आणि मी कागदाकडे पाहिलं. शहाड. पहिल्या दात्याचं गाव. मग त्याचं नाव. मग शेजारच्या दुकानाचा फोन. ज्या सातांपुढे कोमलची खूण होती, ते सातही तसेच, अक्षर अक्षर करून, कागदावर चढले. मधे एकदा लाइट क्षणभर मंद झाली. दादांचा आवाज थांबला नाही, फक्त बारीक झाला.

पावणेसहाला सातवं नाव संपलं. कार्बनमुळे प्रती तीन. एक मी ब्लाउजमध्ये ठेवली, एक पर्समध्ये, एक पापडवालीकडे.

शहाडचा माणूस कारखान्यात पाळीवर होता, त्याला फाटकावरून निरोप गेला. अंबरनाथच्या एका सुनेला मी स्वतः भाजी घ्यायच्या निमित्ताने बाहेर काढलं. शुक्रवारी संध्याकाळी दोन पिशव्या तयार होत्या. शनिवारी कोमलच्या ओठांना रंग आला, तेव्हा मी तिच्या आईशेजारी बाकावर बसले आणि तिला खरं काय ते सांगितलं. ती माझा हात धरून बसली.

पुढच्या आठवड्यात संस्थेत दुसरं मशीन आलं, पूर्ण यादी त्यात चढवली, पापडवालीकडची प्रत परत घेतली आणि मी दादांकडे पेढे घेऊन गेले. पेढे बाजूला ठेवून ते म्हणाले, "बाई, माझ्याकडच्या प्रती पुसायच्यात."

"राहू दे की तुमच्याकडे. तुमच्याइतकं कोण सांभाळणार?"

"नावं माझी नाहीत." त्यांनी कार्बनचे दोन्ही कागद बशीत जाळले, उजेडात धरले की नावं दिसत होती म्हणून. मग मशीनवर पुसायचा हुकूम लिहिला आणि हात मागे घेतला. आयुष्यात कधी कुणाचं लिहिलेलं पुसलं नव्हतं त्या माणसाने. "शेवटची कळ तुम्ही दाबा. माझ्याच्याने होत नाही." मी दाबली. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

शेवटचं भेटले ते सहा-सात वर्षांनी. दुकान मुलाने विकलं होतं आणि त्यांना बदलापूरला, खरवईच्या एका नव्या इमारतीत नेलं होतं. निरोप आला, टाइपरायटर घेऊन या. गेले. गॅलरीत बसले होते, दोन्ही रुमाल मांडीवर. मी खुर्ची ओढली तर म्हणाले, "आधी दाबून बघा." कोमल दहावीला बसली म्हणून सांगितलं. "कौन कोमल?" विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच घाबरले. मग मला कशाला बोलावलंय ते कळलं.

"बाबांच्या शाळेची नावं," म्हणाले. "मी बोलतो. लिहून घ्या. दोन कार्बन घाला."

मी घातले. ते डोळे मिटून सांगत होते, पोरगा आणि त्याच्या बापाचं नाव, पाढ्याच्या चालीत. मी लिहीत होते. अकरा झाली आणि ते थांबले. "इसके बाद एक और था," म्हणाले. "खिडकीजवळ बसायचा, बाबा सांगायचे."

ते समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. मी वाट बघत होते. बोटं कळांवर तशीच ठेवली होती, उचलली नाहीत. सून चहा ठेवून गेली, चहावर साय धरली. त्यांच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, चकती सुकताना होती तीच.

मग मी बारा हा आकडा मारला आणि पुढची ओळ कोरी सोडली. तिन्ही प्रतींवर.